लाभ म्हणणारं यंत्र

दौलत हरेश्वर चुरी या गृहस्थांना डहाणूत दौलत हरेश्वर चुरी या नावाने कोणीही ओळखत नसे, आणि हेच त्यांच्या आयुष्यातलं मुख्य दुःख होतं. बाकी तसं सगळं यथास्थित होतं. समुद्राच्या अंगाला लहानशी चिकूची वाडी होती, बागायतदारांच्या सोसायटीत कारकुनाची नोकरी होती, पचन उत्तम होतं. पण स्टेशनवर उतरून कोणी "दौलतराव चुरींचं घर कुठे?" असं विचारलं, की टांगेवाला आधी आभाळाकडे बघे, मग घोड्याकडे बघे आणि शेवटी म्हणे, "कोण, शिवणवाल्या नर्मदाबाईंचे मिस्टर का?"

आडनावाचा काही उपयोग नव्हता. ते राहत त्या आळीत चुरी सोडून दुसरं आडनाव फक्त पोस्टमनचं होतं. राहता राहिलं घर. घरात तर नावाचा प्रश्नच नव्हता, कारण नर्मदाबाई चांगल्या वळणाच्या होत्या आणि चांगल्या वळणाची बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. त्या "अहो" म्हणत. लग्नात उखाण्यात त्यांनी ते एकदा घेतलं होतं म्हणतात, पण ऐन वेळी बँड सुरू झाला आणि ते कोणालाच ऐकू गेलं नाही, दौलतरावांनाही नाही.

नर्मदाबाईंचं नाव मात्र रानशेतपासून बोर्डीपर्यंत होतं. त्यांच्याकडे पायाचं शिवणयंत्र होतं आणि हातात कसब होतं. त्यांनी बेतलेला ब्लाऊज घालून मुलगी मांडवात उभी राहिली की वऱ्हाडातल्या बायका मंगलाष्टकं सोडून बाह्यांकडे बघत. लग्नसराईत ओसरीवर चपलांचा खच पडे आणि दौलतरावांना स्वतःच्या घरात शिरायला बाजू मागावी लागे. बाजू देणारी बाई शेजारणीला हळूच सांगे, "बाईंचे मिस्टर आहेत." ती जरा आश्चर्याने त्यांच्याकडे बघे, जणू नर्मदाबाईंना मिस्टर असतील असं तिला वाटलंच नव्हतं.

ही शेर जाऊन किलो आले त्या दिवसांतली गोष्ट. सगळा देश नव्याने मोजायला शिकत होता. सोसायटीत चिकू मात्र जुन्या रीतीने शेकड्यावर मोजले जात. दौलतरावांचं काम म्हणजे ही मोजणी सुरळीत चालली आहे असं रोज लिहून ठेवणं. ती सुरळीत कधीच चालत नसे. एकीकडून बागायतदाराची माणसं मोठ्याने मोजत, दुसरीकडून मगनशेठ दलाल गुजरातीत मोजत, चाळिसाच्या आसपास दोघांची फारकत होई आणि करंडी पुन्हा उलटी केली जाई. एकच चिकू दिवसातून इतक्यांदा मोजला जाई की संध्याकाळपर्यंत तो पिकून मऊ होई.

अशा एका दुपारी दौलतरावांनी वर्तमानपत्रात वाचलं, की परदेशात आपोआप हिशेब करणारी यंत्रं निघाली आहेत, आणि असं काही नवीन काढलं की सरकार त्याचं पेटंट देतं. पेटंट म्हणजे काय, तेही तिथे दिलं होतं. यंत्र काढणाऱ्याचं संपूर्ण नाव सरकारदरबारी नोंदवलं जातं आणि मग ते कोणालाही हिरावून घेता येत नाही. दौलतरावांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. संपूर्ण नाव. त्यांना सरकारी शाईत 'दौलत हरेश्वर चुरी' असं स्पष्ट दिसलं आणि त्यापुढे 'नर्मदाबाईंचे मिस्टर' असं कुठेही नव्हतं.

चिकू मोजण्याचं यंत्र तिथल्या तिथे त्यांच्या डोक्यात तयार झालं. डोक्याबाहेर तयार करायला मात्र एक गोष्ट लागणार होती, आणि ती नर्मदाबाईंची होती.

"मशीन?" नर्मदाबाई म्हणाल्या.

"थोड्या दिवसांकरता. सुईची दांडी वर-खाली होते ना, तिचाच उपयोग करायचाय. एका टाक्याला एक चिकू."

नर्मदाबाईंनी मशीनचा लहान स्क्रू फिरवून सुई काढली, फडक्यात टोचली आणि ते फडकं आपल्या पत्र्याच्या डबीत ठेवून दिलं. "सुई माझ्याजवळ राहील," त्या म्हणाल्या. "बाकीचं न्या. बोंबीलवाल्या सोनूबाईच्या धाकलीचं लग्न यंदा आहे, तिच्या कपड्यांआधी मशीन जागेवर दिसलं नाही, तर मी घोलवडला माहेरी जाईन. आणि सुई घेऊन जाईन."

धमकीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा गंभीर होता, हे दौलतरावांना कळलं.

मागल्या पडवीत काम सुरू झालं. सुताराकडून शंभर दात्यांचं लाकडी चाक करून घेतलं. चिकू घरंगळत यावेत म्हणून उतरती पन्हळ बसवली. पाय मारला की मशीनची दांडी वर-खाली होई, दर खेपेला पन्हळीच्या तोंडाची झडप एका चिकूपुरती उघडे आणि लाकडी चाक एक दाता पुढे सरके. शंभर झाले की घंटा. घंटा दौलतरावांनी स्वतःच्या सायकलची काढली. त्यानंतर सोसायटीत जाताना ते तोंडाने "बाजू, बाजू" असं ओरडत जाऊ लागले.

पेटंटची वस्तू गुप्त ठेवावी लागते, इतकं त्यांनी वाचलं होतं; कधीपर्यंत, ते वाचायचं राहिलं होतं. म्हणून यंत्रावर नर्मदाबाईंचं जुनं लुगडं टाकलेलं असे. काय ठोकाठोक चाललीय असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे मात्र त्यांनी ठरवलं नव्हतं. पहिल्याच माणसाला ते घाईत म्हणाले, "पाळणा करतोय." त्या आठवड्यात आळीतल्या तीन बायका नर्मदाबाईंना कैरीचं लोणचं देऊन गेल्या. नर्मदाबाईंचा मुलगा तेव्हा मॅट्रिकला बसला होता. त्यांनी लोणचं ठेवून घेतलं आणि नवऱ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

सोनूबाईपासून मात्र काही लपवणं शक्य नव्हतं. ती खाडीकडची मासळी विकणारी. सुके बोंबील घेऊन मागल्या दारी यायची आणि बदल्यात चिकू न्यायची. तिने लुगडं उचललं, पायाने मशीन हलवून बघितलं, पाच-सहा चिकू धडाधड खाली येऊ दिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"भाऊ, ह्यानं लाभ कुटं बोलला?"

दौलतरावांच्या अंगावर काटा आला. एवढी मोठी चूक त्यांच्या लक्षातच आली नव्हती. या मुलखात, किंबहुना या सबंध किनाऱ्यावर, मोजताना पहिल्या नगाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. पहिल्यालाच 'एक' म्हटलं की एकावरच थांबतो धंदा, अशी समजूत. खुद्द दौलतराव घरात पापड मोजतानासुद्धा लाभापासून सुरुवात करत. आणि त्यांचं यंत्र, मुकाट्याने, काही न बोलता, पहिला दाता सरकवत होतं.

"मुकं हाय," सोनूबाई म्हणाली. "मुक्यानं मोजलेला माल कोन घेल?"

म्हणून पताका आली. मशीनच्या चाकाला एक दांडी पक्की केली आणि दांडीच्या टोकाला पत्र्याची लाल पताका. चाकाने पहिला फेरा घेतला की ती खट्‌ आवाज करून उभी राही. तिच्यावर पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत 'लाभ' लिहून घेतलं. पेंटरने सवयीने खाली स्वतःचा पत्ताही टाकला.

एवढ्याने भागतंय असं वाटलं तेव्हा मगनशेठ आले. गुप्ततेची बातमी एव्हाना बाजारात पोचली होती. त्यांनी घंटा ऐकली आणि मान हलवली. "शंभर पर वागे छे? चालशे नहीं. शेकड्यावर पाच चिकू रिवाजाचे असतात. घंटी त्याच्या नंतर वाजवा." ते जाताच दोन बागायतदार आले आणि म्हणाले, घंटा शंभरालाच वाजली पाहिजे, वरचे पाच आम्ही राजीखुशीने देतो, ते यंत्राने मागायचे नाहीत. दौलतराव दोघांनाही हो म्हणाले. हा त्यांचा स्वभाव होता. मग बागायतदारांसाठी सायकलची घंटा शंभराला आणि दलालांसाठी देवघरातली घंटा पाच चिकू उशिरा, अशी सोय केली. त्या दिवसापासून घरातल्या देवाची आरती टाळीवर होऊ लागली.

यंत्राला फक्त एक बारीकसा दोष होता. ते टाके मोजत असे, चिकू नव्हे. पन्हळ रिकामी असली तरी पाय मारला की ते प्रामाणिकपणे शंभरापर्यंत जाई आणि घंटा वाजवी. दौलतरावांनी हा दोष मानला नाही. पन्हळ भरलेली ठेवणं हे माणसाचं कर्तव्य आहे, असं त्यांचं मत पडलं.

आता अर्ज. कलकत्त्याच्या पेटंट कचेरीला इंग्रजीत अर्ज लिहायचा म्हणजे वकील हवा, आणि डहाणूत दौलतरावांच्या भरवशाचे वकील एकच, धोंडोपंत. धोंडोपंतांची उभी हयात जमिनीच्या दाव्यांत गेली होती. त्यांनी यंत्राभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घातली आणि कारकुनाला मजकूर सांगायला सुरुवात केली. यंत्राची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस अर्जदाराच्या घराची भिंत. पश्चिमेस सोनूबाईचे बोंबील वाळवण्याचे वलांडे. उत्तरेस सामायिक विहीर. दक्षिणेस चंदर चुरी यांचे कुंपण, जे वादग्रस्त आहे.

"पण वकीलसाहेब, यंत्र चालतं कसं, ते?"

"मिस्टर," धोंडोपंत म्हणाले, "वस्तू कुठे आहे हे एकदा कोर्टाला पटलं की ती कशी चालते हे कोणी विचारत नाही."

अर्ज तयार झाला. नर्मदाबाई रोज संध्याकाळी मशीनच्या रिकाम्या जागी बसून हाताने काजं करत. पाकीट त्याच दिवशी टपालात टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शुभकार्याचा कागद असा कोणी धाडतो का? नारळ फुटला नाही, हळदकुंकू लागलं नाही, चार माणसांच्या तोंडात शिरा पडला नाही, आणि वस्तू झाली म्हणायची? दुकान काढणारा आधी पूजा घालतो आणि मग लायसनकडे बघतो. दौलतरावांनी पंचांग काढलं, मुहूर्त बघितला, आणि मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी अर्ज पाठवायचा असं ठरवलं.

चार माणसं म्हणजे कोण, हे ठरवता ठरवता निम्मं डहाणू झालं. पत्रिका छापल्या. पत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' इथपासून सुरुवात होऊन पुढे पन्हळ, झडप, शंभर दात्यांचं चाक, पताका आणि दोन्ही घंटा यांचं साद्यंत वर्णन होतं, कारण लोकांना आधी कळलं तर ते वेळेवर येतात. मुद्दाम वगळला तो एकटा चंदर चुरी. तो चुलतभाऊ, शेजारी, आणि कुंपणावरून गेली काही वर्षं अबोला. प्रमुख पाहुणे म्हणून दोराबशेठ नावाचे वयस्क पारशी गृहस्थ ठरले. मुंबईहून दम्यासाठी ते डहाणूच्या हवेवर येऊन राहिले होते. ते मुंबईत काय करतात हे दौलतरावांना माहीत नव्हतं. पण त्यांच्याकडे काळी उंच टोपी होती आणि समारंभाला तेवढं पुरतं.

मुहूर्ताच्या सकाळी अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एका खुर्चीवर, लाभाची सूचना तिची म्हणून, सोनूबाईला बसवलं होतं. नवी साडी नेसून, मांडीवर हात ठेवून ती अशी ताठ बसली होती की फोटोच काढतायत. धोंडोपंतांनी भाषण केलं. त्यात त्यांनी यंत्राची चतुःसीमा पुन्हा सांगितली. दोराबशेठनी नारळ फोडला. वाडीत कामाला येणाऱ्या रानशेतच्या सुकऱ्याने झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या चिकूंच्या करंड्या पन्हळीत रिकाम्या केल्या. ते चिकू धुऊन घ्यायला हवे होते. पण धुतलेले चिकू काळपट दिसतात आणि प्रसंग मोठा होता, म्हणून दौलतरावांनी ते तसेच ठेवायला सांगितले होते.

त्यांनी पाय मारला. खट्‌. पताका उभी राहिली आणि सबंध अंगण एका आवाजात म्हणालं, "लाभ."

"दोन, तीन, चार," लोक मोजत होते, चिकू एकामागून एक शहाण्या मुलांसारखे उतरत होते आणि दौलतरावांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळिसाला दोन्ही पक्षांचा आकडा एकच आला. असं सोसायटीच्या इतिहासात कधी झालं नव्हतं, आणि मगनशेठनी भर अंगणात एका बागायतदाराला मिठी मारली. दौलतरावांना उत्साह आवरेना. पाय भराभर पडू लागला. ताज्या चिकूंचा चीक झडपेवर जमू लागला. आधी झडप अर्धी उघडी राहिली, मग पुरती, आणि वरचे सगळे चिकू एकदम निघाले. ते पहिल्या रांगेच्या पायांखालून गेले, दुसऱ्या रांगेत धोतरांना अडकले, एक दोराबशेठच्या टोपीवर बसला तो बसलाच. पन्हळ पार रिकामी झाली. यंत्र आपलं मोजतच होतं, आणि लोकही मोजतच होते. शंभराला सायकलची घंटा वाजली. टाळ्या पडल्या. पाच टाक्यांनी देवघरातली घंटा वाजली आणि सवयीने अर्ध्या लोकांनी हात जोडले. तिची दोरी चिकाने चाकाला चिकटली होती, ती काही थांबेना. मग कोणीतरी आरती सुरू केली, आणि ती संपेपर्यंत सगळे उभे राहिले.

समारंभ झकास झाला, याबद्दल डहाणूत आजही दुमत नाही.

शिरा खाताना दोराबशेठनी टोपीवरचा चिकू काढून खिशात टाकला. "सरस, दिकरा. पोट दुखेपर्यंत हसलो. आता बोल, पेटंटची अर्जी केव्हा टाकली?"

"उद्या टाकणार आहे," दौलतराव नम्रपणे म्हणाले.

दोराबशेठचा चमचा तसाच राहिला. हे गृहस्थ मुंबईला फोर्टात बसून जन्मभर पेटंटचीच कामं करत होते, हे दौलतरावांना तेव्हा कळलं. "अरे, उद्या? पेटंट कशाचं भेटते? जी चीज कोणी जोयली नाय तिचं. तू तर सगळ्या गावाला बतावून टाकली. छापून पण वाटली. आता कोणी पण ऊठेल आणि बोलेल, आम्ही अर्जीच्या आधी बघितली, आम्ही शिरा पण खाल्ला. खलास."

दौलतरावांच्या डोळ्यांसमोर सरकारी शाईतलं नाव पुसट होत होतं. "काहीच उपाय नाही?"

"एकच," दोराबशेठ हसू दाबत म्हणाले. "गावाने बोलायला पाहिजे की आज काय पण झालं नाय, कोणी काय पण बघितलं नाय."

म्हाताऱ्याने ते गमतीने म्हटलं होतं. पण बुडणाऱ्या माणसाला गंमत कळत नाही. दौलतराव दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून घरोघर निघाले.

पहिलं घर सोनूबाईचं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातला बोंबील खाली ठेवला. "म्हंजे मी आलीच नाय बोलू? भाऊ, मना खुर्चीवर बसवलं. वकिलाच्या बाजूला. आमच्या अख्ख्या पाड्यानं बघितलं. धाकलीच्या सासरी सांगून झालं. आनि आता मी बोलू, मना बोलावलंच नव्हतं?"

"बोलावलं नव्हतं असं नव्हे, सोनूबाई. काही झालंच नाही, असं."

"मंग मी नवी साडी नेसून कुटं गेली होती?"

दौलतरावांनी टोपी सारखी केली आणि पुढचं घर गाठलं. धोंडोपंत म्हणाले, बाकी सगळं कबूल, पण माझं भाषण झालंच नाही असं मी कसं लिहून देऊ, ते लोकांना आवडलं होतं. मगनशेठनी तर सकाळपासून तीन गावांत मिठीची गोष्ट सांगितली होती. प्रत्येक घरी तोच प्रश्न, आम्हाला बोलावलं नव्हतं असं म्हणायचं का? हळूहळू गावात अशी बोलवा उठली, की नर्मदाबाईंच्या मिस्टरांना शिऱ्याचा खर्च जड गेला आणि ते आता आमंत्रणं परत घेतायत. संध्याकाळी एक मानी गृहस्थ घरी येऊन प्रसादाचा नारळ परत करून गेले. त्यामागून आणखी दोघे आले. मुळात त्यांना नारळ दिलाच नव्हता, ते स्वतःचे घेऊन आले होते.

दौलतराव ओसरीवर बसले. आत नर्मदाबाई हाताने काजं करत होत्या. डबी त्यांच्या मांडीजवळ होती. घोलवडची गाडी किती वाजता आहे, असं त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

आणि तेव्हा दौलतरावांना आठवलं, की गावात एक माणूस असा आहे ज्याला आपण बोलावलं नव्हतं. त्याने काही पाहिलं नाही. तो तसं खुशाल लिहून देऊ शकतो, आणि तो सख्खा शेजारी, म्हणजे त्याने पाहिलं नाही तर कोणी पाहिलं असणार? इतक्या वर्षांचा अबोला होता, पाय जड होते, पण नावासाठी माणूस काय करत नाही. वादग्रस्त कुंपण ओलांडून ते चंदरच्या दारात जाऊन उभे राहिले.

चंदर झोपाळ्यावर होता. त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"कोण म्हणतो मला बोलावलं नव्हतं?"

"मीच नव्हतं बोलावलं," दौलतराव म्हणाले.

"मोठ्याने बोलू नकोस. आशागडला माझ्या सासुरवाडीला मी सांगितलंय की मी पारशाच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो." चंदरने आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "भावाच्या घरी कार्य आणि मी नाही, हे मी लोकांना काय तोंडाने सांगणार? मी चिकूवर चढून सगळं बघितलं. झडप, दाते, दोन्ही घंटा. पताका वर आली तेव्हा लाभ म्हणून टाळी वाजवली आणि फांदीवरून सटकता सटकता वाचलो. तुला ढोपर दाखवू?"

त्याने ढोपर दाखवलं. खरचटलं होतं. दौलतरावांनी वाकून ते ढोपर बघितलं आणि त्यांना एकाएकी फार वाईट वाटलं, चंदरबद्दल, स्वतःबद्दल आणि त्या फांदीबद्दलही. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. चंदर म्हणाला, "थोडंसं." मग आतून चहा आला, आणि कुंपणाचं काय करायचं ते नंतर बघू असं ठरलं.

घरी येऊन दौलतरावांनी अर्जाचं पाकीट फडताळात टाकलं आणि पान्हे काढले. पन्हळ सुटली, दात्यांचं चाक निघालं, देवाची घंटा देवघरात परत गेली. पण पताकेची दांडी आणि सायकलची घंटा काही केल्या सुटेनात. चिकूचा चीक पेचांत शिरून असा वाळला होता की वज्रलेप झाला होता. त्यांनी घासतेल घातलं, गरम पाणी घातलं, शेवटी विनवणी केली. अखेर घाम पुसत, मान खाली घालून, मशीन तसंच त्याच्या जागी नेऊन ठेवलं. त्या वेळी सोनूबाई धाकलीला घेऊन माप द्यायला आली होती.

नर्मदाबाईंनी डबी उघडली. सुई बसवली. नवरीच्या ब्लाऊजचं कापड दांडीखाली सरकवलं आणि पाय मारला.

खट्‌. पताका उभी राहिली. लाभ.

सोनूबाईने डोळे मोठे केले आणि धाकलीला पटकन मशीनच्या पाया पडायला लावलं. शिवण पुढे जात राहिली आणि बाहीच्या वळणावर हादऱ्याने सायकलची घंटा आपसूक वाजली. "बाई," सोनूबाई दबक्या आवाजात म्हणाली, "ह्या मशीननं शिवलेली पोर सुखाच्या घरात पडनार."

ती बातमी सोनूबाईच्या टोपलीतून निघाली, म्हणजे वर्तमानपत्राच्या आधी पोचली. त्या लग्नसराईत तलासरीपासून नवऱ्या मुली येऊ लागल्या. पहिला टाका नर्मदाबाई घालत आणि सबंध ओसरी म्हणे, लाभ. नर्मदाबाईंनी एकदा चीक खरवडायला सुरी घेतली तर बायकांनी त्यांचा हात धरला.

सरत्या सराईत एका दुपारी दौलतराव मुंबईहून आलेलं सोसायटीचं पार्सल सोडवायला स्टेशनवर गेले होते. कासा गावाकडच्या दोन बायका कापडाचं गाठोडं घेऊन टांग्यापाशी उभ्या होत्या. "ब्लाऊज शिवणाऱ्या नर्मदाबाईंचं घर कुठे आलं?" त्यांनी विचारलं.

टांगेवाल्याने आभाळाकडे बघितलं नाही, घोड्याकडेही बघितलं नाही. "लाभरावांच्या मिसेस ना?" तो म्हणाला. "बसा."

दौलतराव पार्सल तिथेच विसरून घरी आले. रस्ताभर त्यांना रागवावं की नाचावं ते कळेना. लाभराव हे काही नाव नव्हे. ते कुठे नोंदवलेलं नाही, त्याला सरकारी शाई नाही, वडिलांचं नाव नाही. उद्या कलकत्त्याला विचारलं तर कोण लाभराव म्हणून ते हात वर करतील. हे सगळं ते ओसरीवर येऊन, चपला काढता काढता, आतल्या मशीनच्या आवाजावर आवाज चढवून नर्मदाबाईंना सांगत होते.

आतला आवाज थांबला.

"लाभराव," नर्मदाबाई म्हणाल्या, "चहा झालाय."

दौलतराव एक चप्पल पायात आणि एक हातात अशा अवस्थेत उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने त्यांना नावाने हाक मारली नव्हती. हे त्यांचं नाव नव्हतं, म्हणूनच तिला ते घेता आलं होतं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही," आतून उत्तर आलं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि पताका खट्‌कन वर आली.

चहात साखर घालायची राहिली होती. दौलतरावांनी तो तसाच, पायरीवर बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.